आमच्या मामा (माजी मालगुजारी) तलावातल्या बेटावर मोठ्या दगडांचं गोल रिंगण हाय, उन्हाळ्यात पाणी उतरलं की दिसते. ते काय असावं, जपायचं कसं?

भाऊ, पहिली गोष्ट म्हणजे तिथं फावडं मारू देऊ नका कोणाले. गुप्तधनाच्या नादात आपल्याकडे किती जागा फुकट गेल्या. सोनंबिनं काही नसते बाप्पा, ही बहुतेक शिळावर्तुळं असावीत, म्हणजे लोहयुगातली मेलेल्या माणसांले पुरायची जागा, अंदाजे अडीच-तीन हजार वर्षं जुनी. नागपूरजवळ जुनापाणीले अशीच वर्तुळं हायत, रिव्हेट-कार्नाक नावाच्या इंग्रज अधिकाऱ्यानं 1879 च्या आधीच तिथं खोदकाम केलं होतं. नागपूर जिल्ह्यातल्याच माहुरझरीले तर घोड्याच्या तोंडावर घालायचे तांब्याचे दागिने सापडले, अन् नायकुंडले लोखंड गाळायची भट्टी!

अशा वर्तुळाच्या आत माती, मुरूम, खापरं, लोखंडी वस्तू थरानं असतात, थर मोडला की कोणती वस्तू कोणाच्या वर होती तेच समजत नाही, मग अभ्यास कायचा करणार? तुमच्याकडे लाटांनीबी काठ खचत असंल. मे महिन्यात पाणी उतरलं की टेप धरून प्रत्येक दगडाचं अंतर लिहा, फोटोत पट्टी ठेवा, लोकेशन सेव्ह करा. दगडावर वाटीसारखे खड्डे दिसले तर तेबी मोजा, जुनापाणीले तसे हायत. मग अर्ज राज्य पुरातत्त्व विभागाच्या नागपूर ऑफिसले द्या, ग्रामसभेचा ठराव जोडून.

अन् तलावाचा गाळ काढायचं काम निघालं तर जेसीबीवाल्याले आधीच सांगून ठेवा, नाहीतर एका दुपारीत सगळं साफ.