पहाटे बार होत नाही, दुपारी होतो

प्रश्न : आमच्याकडे आजोबांपासूनची एकनळी ठासणीची, म्हणजे नळीच्या तोंडातून दारू ठासून भरायची बंदूक आहे, शेतीसंरक्षण परवान्यावरची. काजूवरचे वांदर हाकलायला छर्रे न घालता नुसता बार काढतो. थंडीत पहाटे घोडा पडतो पण टोपी (ठोक्याने फुटून दारूला ठिणगी देणारी) फुटत नाही. तीच टोपी दुपारी फुटते. कधी टोपी फुटते, पण आत बार होत नाही. बंदूक रॉकेलने साफ करतो, वर घरचं खोबरेल लावतो. दारू सर्दावली असेल का? शेजारी म्हणतात, बारा बोअरची जुनी काडतुसं फोडून त्यातली दारू भर.
— एक वाचक, राजापूर तालुका

उत्तर : आधी शेजाऱ्यांचं. त्यांना हात जोडून सांगा, काडतुसातली दारू ठासणीत कधीच नाही, चिमूटभरसुद्धा नाही. तुमची बंदूक काळ्या दारूसाठी, म्हणजे सोरा, गंधक आणि कोळशाच्या दारूसाठी घडवलेली. काडतुसातली बिनधुराची दारू वेगळ्याच जातीची, तिचा दाब जुन्या नळीला पेलत नाही. नळी फाटते ती बहुधा मागच्या बाजूला, आणि तिथेच तुमचा हात नि चेहरा असतो.

आता टोपी. पहाटे नाही आणि दुपारी हो, यावरून माझा संशय खोबरेलावर आहे. ते साधारण २४ अंशांखाली थिजतं. न्हाणीघरातली बाटली पहाटे पांढरी झालेली तुम्ही पाहता, तेच घोड्याच्या कमानीत, म्हणजे स्प्रिंगमध्ये होतं. घोडा पडतो, पण जोर मेलेला असतो. सगळे दवाला शिव्या घालतात. दव दारू बिघडवतं हे खरं, पण दारू सर्दावली म्हणून टोपी फुटायची राहत नाही. खोबरेल पूर्ण काढा आणि शिलाई मशीनचं पातळ तेल थेंबभर द्या. मग टोपी निपलवर, म्हणजे ती जिच्यावर बसते त्या भोकाच्या खुंटीवर, घट्ट बसते का तेही पाहा. दुसऱ्या ठोक्याला फुटत असेल तर पहिला ठोका ती खाली बसवण्यातच गेला. निपलचं तोंड ठोके खाऊन पसरलं असेल तर ते कानसत बसू नका, बदला.

टोपी फुटून बार होत नाही, तेव्हा निपलमधून दारूपर्यंत ठिणगी जायची वाट तुंबलेली असते. काळ्या दारूची काजळी रॉकेलला दाद देत नाही, तिला पाणीच लागतं. बार काढला त्याच संध्याकाळी गरम पाण्याने नळी धुवा, खडखडीत कोरडी करा, मगच तेल. आपल्या खाऱ्या हवेत काजळी रात्रभर ओल ओढते आणि सकाळी गंज दिसतो. आणखी एक, बंदूक नळी वर करून कोपऱ्यात उभी ठेवलीत की तेल ओघळून निपलपाशी जमतं. भरण्याआधी नळी कोरड्या फडक्याने पुसा. नळी रिकामी आहे याची गजाने, म्हणजे दारू ठासायच्या काठीने खात्री करून घ्या, नुसती टोपी लावा आणि नळीचं तोंड जमिनीवरच्या सुक्या पानाजवळ धरून चाप ओढा. पान उडालं तर वाट मोकळी. नाही उडालं तर निपल काढून तारेने साफ करा.

गजावर दोन खुणा करून घ्या, एक रिकाम्या नळीची, एक भरलेल्या नळीची. बार झाला नाही हे विसरून वरून दुसरी दारू ठासणारे मी पाहिले आहेत.

बार नाही झाला तर नळी मोकळ्या दिशेला धरून किमान मिनिटभर थांबा. आत ठिणगी धुमसत असू शकते. वाकून बघू नका. त्यानंतर नवी टोपी लावून पाहा. तरीही नाही, तर टोपी उतरवा, नळीत आणि निपलच्या भोकातून पाणी ओता, दारू पुरती भिजू द्या आणि मगच उपसा. कोरड्या दारूवर लोखंडी सळी चालवायची नाही.

एवढं करूनही घोडा मऊच पडत असेल तर कमान थकली. ती परवानाधारक कारागिराकडेच द्या, घरी ताणून वाकवू नका. आणि निवडणुकीत बंदूक ठाण्यात जमा कराल तेव्हा आधी धुऊन, पातळ तेलाचा हात देऊन द्या. परत आली की पहिल्या बाराआधी ते सगळं तेल पुसून काढा.