'राइड द लायटनिंग' आणि अकरावीतला मुलगा

प्रश्न : माझा मुलगा अकरावीत आहे. गेले दोन महिने तो 'मेटॅलिका' या बँडचा 'राइड द लायटनिंग' हा दुसरा अल्बम रोज संध्याकाळी ऐकतो. मी पंधरा वर्षे शास्त्रीय गायन शिकले, पण मला त्यात गोंगाटाखेरीज काही सापडत नाही, आणि मुखपृष्ठावर तर विजेची खुर्ची आहे. त्यातले 'फेड टू ब्लॅक' हे गाणे आत्महत्येविषयी आहे असे कळल्यापासून माझी झोप उडाली आहे. या अल्बमचे एवढे कौतुक का होते, आणि मी काळजी करावी का?
— एक वाचक, नौपाडा, ठाणे

उत्तर : आधी संगीताचे बोलू, कारण तुमच्या कानाला ती बाजू लवकर उमगेल. 'मेटॅलिका'चा पहिला अल्बम जुलै १९८३ मध्ये आला आणि त्यात जवळपास सगळा मामला द्रुताचा होता. तयारी दाखवायची घाई झालेला तरुण गवई आलाप उरकून तानांवर यावा, तसा. त्यानंतर वर्षभराने, २७ जुलै १९८४ रोजी आलेल्या या दुसऱ्या अल्बममध्ये त्यांना थांबता येऊ लागले, आणि माझ्या मते त्याचे सारे मोठेपण याच एका गोष्टीत आहे. पहिलेच गाणे शांत अकूस्टिक गिटारने उघडते आणि क्षणात अणुयुद्धाच्या भयाने धावत सुटते. त्याआधीची शांतता नसती, तर तो वेग इतका अंगावर आला नसता.

तुम्हाला जो गोंगाट ऐकू येतो, तो बव्हंशी उजव्या हाताचा आहे. तळव्याची कड तारांवर टेकवून, स्वर घुमू न देता, वरून खाली सारखे आघात करत राहायचे, ही थ्रॅश या अतिवेगवान मेटल शैलीची मुख्य रीत. त्यामुळे गिटार सुरापेक्षा ठेक्याच्या कामाला अधिक जुंपली जाते. एकदा केवळ लय धरून, हातावर टाळी देत ऐका. सुरावट नंतर आपोआप वर येते. लहानपणी पियानो शिकलेला आणि संगीताच्या शास्त्राची जाण असलेला, बेस म्हणजे खालच्या स्वरांची गिटार वाजवणारा क्लिफ बर्टन या बँडमध्ये होता, आणि एकच सुरावट दोन गिटारींनी वेगवेगळ्या स्वरांवरून समांतर नेण्याची जी गोडी इथे ऐकू येते, तिच्यामागे त्याची शिकवण मोठी आहे. शेवटची रचना तर जवळजवळ नऊ मिनिटांची आणि पूर्णपणे शब्दाविना आहे. 'एस्केप' हे गाणे मात्र मला आजही भरतीचे वाटते. बँडनेही ते २०१२ पर्यंत रंगमंचावर वाजवले नव्हते.

मुखपृष्ठावरची खुर्ची ही शोभेसाठी नाही. अल्बमचे नाव विजेच्या खुर्चीवरच्या मृत्युदंडासाठी वापरला जाणारा बोलीतला शब्दप्रयोग आहे, आणि ते शीर्षकगीत अशाच शिक्षेची वाट पाहणाऱ्या कैद्याच्या तोंडी घातलेले आहे. युद्ध, शिक्षा, बर्फात गोठणे, इजिप्तवरची अरिष्टे अशी मरणाची नाना रूपे इथे येतात, पण मरणाची भलामण कुठेही नाही.

आता 'फेड टू ब्लॅक'. जानेवारी १९८४ मध्ये बॉस्टनला बँडचे साहित्य चोरीला गेले, त्यात गायक जेम्स हेटफील्डचा आवडता अँप्लिफायरही होता. त्या खचलेल्या दिवसांत हे गाणे घडले, आणि पुढच्या दोन महिन्यांत कोपनहेगनच्या 'स्वीट सायलेन्स' स्टुडिओत फ्लेमिंग रासमुसेन या ध्वनिमुद्रकासोबत अल्बम नोंदवला गेला. शब्द हताश माणसाचे आहेत, हे खरे. पण ध्रुवपदाच्या जागी इथे शब्दच नाहीत, तिथे नुसत्या जड गिटारी वाजतात, आणि उत्तरार्धात वाद्ये अशी उसळतात की शब्दांनी टाकलेला धीर ती उचलून धरतात. या गाण्याने बरे वाटले, असे सांगणारी शेकडो पत्रे बँडला आली. गंमत म्हणजे त्या काळच्या कडव्या चाहत्यांचा आक्षेप मरणावर नव्हता, तर गाणे संथ असण्यावर होता!

माझी स्वतःची या अल्बमशी ओळख झाली ती ठाण्यातच, मित्राने साठ मिनिटांच्या कॅसेटवर उतरवून दिलेल्या प्रतीतून. एका बाजूला चार गाणी, साधारण साडेतेवीस मिनिटे. उरलेल्या जागेत त्याच्या वडिलांचे जुने ध्वनिमुद्रण पुसायचे राहिले होते. त्यामुळे 'फेड टू ब्लॅक'ची गिटार विरत गेली की खट् असा आवाज होऊन मध्येच एका नाट्यपदाची तान सुरू होई. आजही ते गाणे संपले की मी त्या तानेची वाट पाहतो.

काळजीविषयी सांगायचे, तर गाणे हे कारण मानू नका आणि ते बंदही करू नका. एका संध्याकाळी त्याच्याशेजारी बसून, गाण्याचे शब्द समोर ठेवून, तुला यातले काय आवडते, एवढेच विचारा. मात्र त्याची झोप, जेवण, मित्रांत मिसळणे बदलले असेल, किंवा तो जगण्याचाच कंटाळा बोलून दाखवत असेल, तर थेट, न घाबरता विचारा आणि मानसोपचारतज्ज्ञांकडे न्या. 'टेलिमानस' या मानसिक आरोग्यासाठीच्या मदतसेवेच्या १४४१६ या शासकीय क्रमांकावरही बोलता येते.

प्रश्न : 'राइड द लायटनिंग'मधल्या 'फॉर हूम द बेल टोल्स' या गाण्याच्या आरंभीचा किंचाळणारा सूर बेसचा आहे, असे धाकटा भाऊ म्हणतो. मला तो गिटारचाच वाटतो. पैज लागली आहे.
— एक वाचक, नेरुळ, नवी मुंबई

उत्तर : पैज तुम्ही हरलात. तो बेसच आहे. क्लिफ बर्टनने तो डिस्टॉर्शन (आवाज खरखरीत करणारा परिणाम) आणि वा-वा पेडल (सुराला 'वा-वा' असा हेल देणारे पायाचे यंत्र) यांतून काढला आहे, आणि बेसच्या वरच्या पट्टीत वाजवल्यामुळे भल्याभल्यांची फसगत होते. ही सुरावट त्याने या बँडमध्ये येण्यापूर्वीच रचली होती. २७ सप्टेंबर १९८६ रोजी स्वीडनमध्ये बँडच्या बसला झालेल्या अपघातात तो गेला, तेव्हा तो अवघा २४ वर्षांचा होता. इअरफोन लावून घंटेच्या टोलांनंतर लगेच कान द्या; अर्ध्या-अर्ध्या स्वराने खाली घसरत येणारी जी सुरावट ऐकू येते, ती त्याची.