हेडफोन ॲम्प लावल्यावर आवाज खरंच 'उघडतो' का? माझा हेडफोन ३२ ओहमचा आहे, फोनला लावून ऐकतो.

तुम्हाला ॲम्पची, म्हणजे हेडफोनला जास्त ताकद देणाऱ्या डब्याची, गरज नाही. पैसे चांगल्या हेडफोनवर घाला. पण हे 'उघडतो' प्रकरण माझ्या घरात झालंय, म्हणून लिहितो.

दाजींनी ट्यूबचा महागडा ॲम्प आणला, त्याला माझाच सेनहायझर एचडी ६०० हेडफोन लावला आणि म्हणाले, "बघ, तानपुरा कसा भरून आला." काळी एक पट्टीचा तानपुरा होता. मी म्हटलं, पंचम फुगलाय, जोडीच्या तारांवर चढतोय. तर सगळ्यांदेखत म्हणाले, "तुझा कान अजून तयार नाही." मी मिरजेचा. आमच्याकडे तानपुरे बनतात. तारेखालचा दोरा केसभर सरकवून जवारी (तारेचा झंकार) काढण्यात माझं लहानपण गेलं. हे ऐकून गप्प कोण बसेल?

मल्टिमीटर काढला. नुसत्या ॲम्पवर १ व्होल्ट ठेवला, मग ३०० ओहमचा रेझिस्टर जोडला, तर ०.७१ उरला. म्हणजे ॲम्पचा आउटपुट इम्पिडन्स (विजेला होणारा त्याचा आतला विरोध) १२० ओहमच्या आसपास. एचडी ६०० कागदावर ३०० ओहमचा, पण १०० हर्ट्झच्या जवळ ५०० च्या वर जातो. जिथे हेडफोनचा इम्पिडन्स जास्त, तिथे त्याच्या वाट्याला व्होल्टेजही जास्त. इथे फरक साधारण एक डेसिबलचा. काळी एकचा पंचम १०४ हर्ट्झला येतो, म्हणजे नेमका त्याच जागी. तो भरलेपणा तानपुऱ्याचा नव्हता, ॲम्पने घातलेला होता.

मग माझा साधा ॲम्प आणि फोनचा डोंगल (फोनला हेडफोन जोडायचा छोटा अडॅप्टर) घेतला, दोन्हींचा आउटपुट इम्पिडन्स १ ओहमच्या आतबाहेर. व्होल्टेज सारखा केला आणि कुठला चालू आहे ते न सांगता दाजींना ऐकवलं. ओळखता आलं नाही. किंचित मोठा आवाज कानाला नेहमी चांगलाच वाटतो, दुकानातला 'फरक' बहुतेक वेळा एवढाच असतो. एचडी ६०० ला १ व्होल्टमध्ये ९७ डेसिबल मिळतात, तेवढे डोंगलही देतो.

हां, कमी सेन्सिटिव्हिटीचे, म्हणजे तेवढ्याच व्होल्टेजला कमी वाजणारे, प्लेनार (सपाट पडद्याचे) हेडफोन असतील तर ताकदीचा ॲम्प लागतोच. आणि बऱ्याच ड्रायव्हरचे (आत आवाज काढणारे अनेक छोटे भाग असलेले) कानात घालायचे इन-इअर असतील तर उलट, आउटपुट इम्पिडन्स जितका कमी तितका बरा, नाहीतर सगळा तोल बिघडतो.

दाजींना तो ॲम्प आवडतो, त्यांनी खुशाल ऐकावा. पण तेवढाच पंचम हवा असेल तर इक्वलायझरवर १०० हर्ट्झ एक डेसिबल वर करा, फुकट होतं. आणि त्यावरून दुसऱ्याच्या कानाची परीक्षा घेऊ नका.