वाचकांचे प्रश्न : पूर ओसरला, माती गेली

प्रश्न : आमचे गाव परंडा तालुक्यात, सीना नदीच्या काठी आहे. सप्टेंबर २०२५ च्या पुरात कित्येक शेतांची माती वाहून गेली, मुरूम उघडा पडला, बांधांचा मागमूसही राहिला नाही. पहिले काही दिवस मदतीच्या गाड्या आल्या. आता कोणी फिरकत नाही. ज्याने त्याने आपापले शेत नीट करावे, की गावाला मिळून काही करता येईल?

उत्तर : आधी एक हिशेब करू. एक एकर म्हणजे ४३,५६० चौरस फूट. त्यावर अर्धा फूट माती पसरायची म्हटली तरी सुमारे २१८ ब्रास (एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट) माती लागते, आणि ट्रॅक्टरची एक ट्रॉली साधारण एक ब्रासची धरली तर दोनशेहून अधिक खेपा होतात. ऑक्टोबर २०२५ मध्ये राज्य शासनाने खरडून गेलेल्या जमिनीसाठी हेक्टरी ४७,००० रुपये रोख आणि रोजगार हमीतून हेक्टरी तीन लाखांपर्यंतची मदत जाहीर केली. रोख रक्कम ज्याच्या त्याच्या खात्यावर येते आणि खेपांच्या डिझेलातच विरते. रोजगार हमीची कामे मात्र ग्रामसभेतून पुढे जातात, म्हणून तेथे गाव एकत्र असणे उपयोगी पडते.

माती टाकण्याआधी बांधांचा प्रश्न मिटवावा. खुणा बुजलेल्या असताना माती पडली आणि नंतर मोजणीत हद्द चार फूट सरकली, तर ती माती कोणाची, या वादाला अंत राहत नाही. शेजाऱ्यांनी एकत्र मोजणी मागावी आणि तोवर जुन्या माणसांना शिवारात नेऊन, विहीर, बाभूळ, रस्ता अशा टिकलेल्या खुणांवरून तात्पुरती हद्द सर्वांसमक्ष ठरवून घ्यावी. त्यानंतर काम ओढ्याच्या वरच्या अंगाने सुरू करावे. वरचे शेत बांधाविना उघडे राहिले, तर खालच्याने कितीही खर्च केला तरी पुढच्या मृगात त्याची नवी माती पुन्हा नदीला मिळते. बांधाला सांडवा ठेवावा. ओल्या काळ्या रानात जड यंत्र घालू नये, जमीन दाबली जाऊन चिबडते. वाफसा येईपर्यंत थांबणे जिवावर येते, पण थांबावे. मातीसाठी जवळच्या तलावातील गाळ हा मार्ग आहे आणि ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ ही योजना त्यासाठीच आहे. नुसत्या गाळाने पीक लगेच उभे राहील, अशी अपेक्षा मात्र धरू नये. शेणखत आणि एखादे हिरवळीचे पीक त्यात मिसळावेच लागेल.

आपण मदतीच्या गाड्यांचा उल्लेख केला आहे. समाजमंदिरात साड्यांचा ढीग आणि गोठ्यात कडब्याची पेंढी नाही, हे चित्र पुरानंतर अनेकदा दिसते, आणि त्यात देणाऱ्यांचा दोष कमी, कारण काय हवे हे गावाने सांगितलेलेच नसते. अजूनही कोणी विचारणा केली, तर चारा, बियाणे आणि खेपांचे डिझेल मागावे.

याहून अवघड बाब सातबाऱ्याची आहे. अनुदान ज्याच्या नावावर जमीन त्याला मिळते. बटाईने कसणाऱ्याचे बियाणे, खत आणि वर्षभराचे श्रम वाहून गेले तरी त्याच्या हाती काही पडत नाही, आणि ज्याला जमीनच नाही अशा मजुराचा पंचनाम्यात फार तर घर म्हणून उल्लेख येतो. मालकाने बटाईदाराला किती द्यावे, हे कायदा सांगणार नाही. गावातील चार जाणत्या माणसांनी बसून ते ठरवावे लागेल. मातीकामाची मजुरी गावातल्याच भूमिहीनांना मिळेल, असेही पाहावे, नाहीतर उचल घेऊन ऊसतोडीला जाण्यावाचून त्यांच्यापुढे दुसरा मार्ग उरत नाही.

हे सारे नवे नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर ५२ गावे नव्या जागी वसवण्यात आली. जी हलवली नाहीत, त्यांत घरदुरुस्तीचे काम होते आणि तेथे महिला मंडळांतील बायकांनी ‘संवाद सहायक’ म्हणून शासन व घर यांच्यामधले दुवे जोडले. यादीत कोण राहिले, हे त्यांना कार्यालयापेक्षा आधी कळत असे. या कामासाठी गावाने समिती नेमली, तर तिच्यात अशा तीन-चार बायका असाव्यात, आणि त्या केवळ सहीपुरत्या नसाव्यात.

प्रश्न : गोदाकाठच्या आमच्या गावात पुराचे पाणी पिण्याच्या विहिरीत शिरले. ब्लीचिंग पावडर टाकली, पण वास येतो म्हणून बायका ते पाणी नेत नाहीत. पावडर किती टाकावी? (गंगाखेड तालुक्यातील वाचक भगिनी)

उत्तर : गढूळ पाण्यात पावडर वाया जाते, म्हणून आधी विहीर उपसावी. दहा फूट व्यासाच्या विहिरीत पंधरा फूट पाणी असेल, तर ते सुमारे ३३,००० लिटर भरते. हजार लिटरला अडीच ग्रॅम ताजी पावडर या हिशेबाने ८० ते ८५ ग्रॅम पुरते. पुरानंतर सहसा याहून जास्त लागते. पावडर तशीच विहिरीत फेकू नये. बादलीत आधी लापशीसारखी कालवून मग पाणी वाढवावे, पाच-दहा मिनिटांनी चुना तळाशी बसला की वरचे निवळ पाणी दुसऱ्या बादलीत घेऊन ती दोराने विहिरीत खाली-वर करावी आणि तासभर पोहरा बुडवू नये. त्यानंतर ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाकडून ऑर्थोटोलिडीनची, म्हणजे पाण्यात क्लोरीन उरले आहे का याची, तपासणी करून घ्यावी. पाण्याला फिकट पिवळा रंग आला की ते नेण्यास हरकत नाही. वास उग्र असेल, तर पाणी उघड्या भांड्यात काही तास ठेवावे, तो बराच कमी होतो.