"मॅडम, माझी काही लायकीच उरली नाही"

माझ्याकडे मन मोकळं करायला येणाऱ्यांकडून हे वाक्य मी इतक्यांदा ऐकते की आता बोलणाऱ्याच्या चेहऱ्यावरूनच कळतं, आता हेच येणार. नोकरी गेलेले, अंथरुणाला खिळलेले, घटस्फोट झालेले, आणि त्यात रोज प्रार्थना करणारे कॅथलिकसुद्धा भरपूर. देवाने आपल्या प्रतिरूपात माणूस घडवला हे बायबलच्या उत्पत्ती या पुस्तकातल्या पहिल्याच अध्यायातलं सगळ्यांना पाठ असतं, फक्त स्वतःला लावायचं म्हटलं की गाडी अडते.

एक चाळिशीतले गृहस्थ यायचे. ऑफिसच्या हिशेबात हात मारला, पकडले गेले, नोकरी गेली. पापनिवेदन झालेलं, फादरांनी क्षमाही दिलेली.

"देवाने माफ केलं असेल हो, पण माणूस म्हणून मी संपलो."

"नाही हो, तुम्ही चांगलेच आहात" असलं मी काही म्हटलं नाही. केलं ते वाईटच होतं, आणि खोटा दिलासा समोरच्याला लगेच कळतो. बऱ्याच भेटी नुसतं ऐकण्यात गेल्या. मग एकदा विचारलं, "एवढी लाज कशाची वाटते?"

"असं वागणं मला शोभलं का?"

"ज्याला काही किंमतच नाही, त्याला काय शोभायचं आणि काय नाही शोभायचं?"

ते बघतच राहिले. मग म्हणाले, "म्हणजे किंमत आहे, म्हणून लाज वाटतेय?"

खरं सांगू, मी विचारलेल्या त्या किमतीच्या प्रश्नाचा मला अजून अभिमान आहे. कारण चर्चच्या नैतिक शिकवणीचा सगळा डोलारा इथेच उभा आहे, आधी माणसाचं मोल आणि मग नियम, आणि आपण बहुतेक सगळे ते उलटं शिकून मोठे होतो. 2024 मध्ये व्हॅटिकनने मानवी प्रतिष्ठेवर जो दस्तऐवज काढला त्यात हे फार स्पष्ट मांडलंय: वागण्यातली प्रतिष्ठा माणूस घालवू शकतो, परिस्थिती आणि समाजही त्याची अवहेलना करू शकतात, पण नुसतं माणूस असण्यातून येणारी प्रतिष्ठा कशानेच जात नाही. 2018 मध्ये पोप फ्रान्सिस यांनी धर्मशिक्षणग्रंथातला, म्हणजे चर्चच्या शिकवणीच्या अधिकृत पुस्तकातला, मृत्युदंडाचा परिच्छेद बदलून मृत्युदंड अमान्य ठरवला तोही याच आधारावर, अगदी गंभीर गुन्हा केला तरी प्रतिष्ठा जात नाही म्हणून. मग हिशेबातल्या चोरीने कशी जाईल?

घरात कोणी असं बोलत असेल तर त्याच्या चांगल्या गुणांची यादी वाचून दाखवू नका, प्लीज. यादीवर किंमत ठरते हाच तर त्याचा आजार आहे! आजारी आईला "तू अजून किती कामाची आहेस" म्हणू नका, ज्या दिवशी हात चालणार नाहीत त्या दिवशी तेच वाक्य तिला खाईल. तिच्याजवळ बसा, औषधाचं, जेवणाचं, घरातल्या निर्णयांचं तिला विचारा.

आणि हो, मोल शाबूत आहे म्हणजे केलेलं माफ, असं अजिबात नाही. चोरलेलं मालकाला परत करावं लागतं हे त्याच धर्मशिक्षणग्रंथात, परिच्छेद 2412 मध्ये आहे. ते गृहस्थ आधी मालकासमोर जायलाही तयार नव्हते, आता दर महिन्याला थोडे थोडे पैसे स्वतः नेऊन देतात.