वाचकांचे प्रश्न: आपल्या क्रोमोझोममधले विषाणू नेमके कुठे बसलेत?

प्रश्न: मी टीवाय बीएस्सी करतेय. वर्गात सांगितलं की आपल्या डीएनएचा ८ टक्के भाग जुन्या विषाणूंचा आहे. मला हे पटतच नाहीये. ते असतात कुठे, आणि शोधले कसे? मायक्रोस्कोपमधून दिसतात का?
– एक विद्यार्थिनी, फोंडा

उत्तर: आकडा बरोबर आहे, आणि पटत नाहीये म्हणून विचारलंस हे फार चांगलं केलंस. २००१ साली मानवी जीनोमचा (म्हणजे आपल्या सगळ्या डीएनएचा) पहिला आराखडा आला तेव्हापासून हा आकडा सांगितला जातो. आपला जीनोम साधारण ३०० कोटी अक्षरांचा (डीएनएच्या साखळीतला एकेक दुवा म्हणजे एक अक्षर), त्याचे ८ टक्के म्हणजे २४ कोटी अक्षरं. प्रोटीन बनवणारा जनुकांचा भाग जेमतेम दीड टक्का, म्हणजे विषाणूंचा वाटा त्याच्या पाचपट झाला.

ते आत कसे आले ते आधी बघू. रेट्रोव्हायरस नावाचा विषाणूंचा एक गट आहे, एचआयव्ही त्यातलाच. यांच्याकडे असतो आरएनए, पण पेशीत शिरले की ते त्यावरून डीएनए बनवतात (हे करणारं एन्झाइम टेमिन आणि बाल्टिमोर या दोघांनी १९७० मध्ये स्वतंत्रपणे शोधलं, १९७५ च्या नोबेलमध्ये दोघंही होते) आणि तो डीएनए आपल्या क्रोमोझोममध्ये जोडून टाकतात, कायमचा. बहुतेक वेळा हे रक्तातल्या वगैरे पेशीत होतं, ती पेशी मेली की विषय संपला. पण लाखो वर्षांत कधीतरी हेच बीजांडात नाहीतर शुक्राणू बनवणाऱ्या पेशीत झालं आणि त्यातून मूल जन्माला आलं, की मग त्या मुलाच्या अंगातल्या प्रत्येक पेशीत तो विषाणू असणार, आणि त्याच्या वंशात ज्यांना तो मिळेल त्यांच्यातही अगदी त्याच जागी.

ही 'त्याच जागी' गोष्ट नीट धरून ठेव, कारण सगळा पुरावा तिथेच आहे. एचआयव्ही झालेल्या माणसात विषाणू प्रत्येक पेशीत वेगळ्या ठिकाणी घुसलेला सापडतो. वारशाने आलेला मात्र सगळ्या पेशींत एकाच ठिकाणी. म्हणून शास्त्रज्ञ नुसता 'आहे का' असं विचारत नाहीत, पत्ता विचारतात. आपल्याकडे गोव्यात जमिनीच्या एक-चौदाच्या उताऱ्यावर सर्व्हे नंबर आणि सबडिव्हिजन असते ना, तसा क्रोमोझोमवरच्या जागेलाही नंबर असतो. उदाहरणार्थ ७क्यू२१.२ म्हणजे सातवा क्रोमोझोम, त्याची लांब बाजू (आखूड बाजूला पी म्हणतात), त्यावरचा २१ नंबरचा पट्टा आणि त्याचा दुसरा उपभाग.

हा पत्ता मी मुद्दाम दिला. तिथे एचईआरव्ही-डब्ल्यू नावाच्या विषाणूचा (एचईआरव्ही म्हणजे माणसात वारशाने आलेले रेट्रोव्हायरस) एक तुकडा बसलाय, आणि त्याचं एक जनुक आजही काम करतं. त्यापासून सिन्सिटिन-१ हे प्रोटीन बनतं, जे गर्भाच्या वारेतल्या पेशी एकमेकींत मिसळवून सलग थर तयार करतं, आईच्या रक्तातून बाळाकडे जे जातं ते याच थरातून. २००० साली हे कळलं. सहाव्या क्रोमोझोमवर असंच सिन्सिटिन-२ आहे, ते दुसऱ्याच विषाणूकडून आलेलं. मला विज्ञानातल्या फार थोड्या गोष्टी इतक्या भारी वाटतात.

आता मायक्रोस्कोप. दिसतात, पण विषाणू म्हणून नाही, चमकणारा ठिपका म्हणून. या पद्धतीला फिश म्हणतात. रक्तातल्या पांढऱ्या पेशी वाढवायच्या, त्या विभागायला लागल्या की बरोबर मध्येच औषध घालून थांबवायच्या, कारण त्याच वेळी क्रोमोझोम आखडून जाड होतात आणि वेगवेगळे ओळखता येतात. मग विषाणूच्या डीएनएशी जुळणारा एक तुकडा घ्यायचा, त्याला चमकणारा रंग लावायचा, स्लाइड गरम करून डीएनएच्या दोन्ही पट्ट्या सुट्या करायच्या आणि तो तुकडा त्यावर सोडायचा. जिथे जुळेल तिथे चिकटतो.

पण यात एक मोठी अडचण अशी की एचईआरव्ही-के सारख्या गटाच्या प्रती एक-दोन नाहीत, शेकड्यांनी आहेत, त्यामुळे ठिपके जवळजवळ सगळ्या क्रोमोझोमवर उमटतात आणि यातला कुठला कोणता ते कळत नाही. शिवाय ठिपका दिसला तरी तिथे लाखो अक्षरं मावतात, म्हणजे वाडा (वस्ती) कळला, घर नाही कळलं. म्हणून नेमका पत्ता हवा तर सांधा वाचावा लागतो. सांधा म्हणजे डीएनएचा असा तुकडा ज्याचा अर्धा भाग विषाणूचा आणि अर्धा शेजारच्या मानवी डीएनएचा, त्यातला मानवी भाग जीनोमच्या नकाशात शोधला की जागा एका अक्षरापर्यंत कळते. विषाणू घुसताना तिथली ५-६ अक्षरं दोन्ही बाजूंना दुप्पट होतात, ती खूण पण सापडते.

जागा कळली की वय काढता येतं. विषाणूच्या दोन्ही टोकांना एलटीआर नावाचे तुकडे असतात, घुसतो त्या दिवशी दोन्ही अगदी सारखे. पुढे दोघांत वेगवेगळे बदल साचत जातात, म्हणजे जितका फरक जास्त तितका विषाणू जुना. दुसरा मार्ग म्हणजे चिंपांझी, गोरिला, माकडं यांच्यात तीच जागा बघायची. दोघांत त्याच जागी तोच विषाणू असेल तर तो आपल्या सामाईक पूर्वजात घुसलेला होता, कारण ३०० कोटींत नेमकी एकच जागा दोनदा मिळणं जवळजवळ अशक्य.

आणि सगळे जुनेच आहेत असंही नाही. एकोणिसाव्या क्रोमोझोमवरचा एचईआरव्ही-के११३ काही माणसांत आहे, काहींत ती जागा चक्क रिकामी आहे. २०१६ मध्ये अडीच हजारांहून जास्त माणसांचे जीनोम चाळून बघितले तेव्हा नकाशात नसलेले असे आणखी विषाणू मिळाले, त्यातला एक तर एक्स क्रोमोझोमवर पूर्ण अखंड. म्हणून मला मनापासून वाटतं की जीनोम जगातल्या सगळ्या भागांतल्या लोकांचे वाचले गेले पाहिजेत, आपलेही, नाहीतर जे आपल्यातच आहे ते नकाशात येणारच नाही.

प्रश्न: आमच्या सत्तरी तालुक्यात २०१५ पासून माकडतापाचे पेशंट सापडतायत. तो विषाणू पण असा क्रोमोझोममध्ये जाऊन मुलांना लागतो का?
– एक वाचक, वाळपई

उत्तर: नाही. माकडतापाचा विषाणू डेंग्यूच्या कुळातला, त्याचा आरएनए आरएनएच राहतो, त्याचा डीएनए बनवणारं एन्झाइम त्याच्याकडे नाही. गोचिडीतून येतो आणि पेशंट बरा झाला की शरीर त्याला संपवतं. काजूच्या बागेत, रानात जाताना अंग झाकून आणि गोचिडी लागू नये म्हणून मलम लावून जा, वारशाची काळजी सोडा.

प्रश्न: माझ्या पुतण्याची बोन मॅरो ट्रान्सप्लांट झालीय. रक्तात एचएचव्ही-६ विषाणू लाखोंनी निघाला, सगळे घाबरलो, तर डॉक्टर म्हणतात हा वारशाने आलेला असू शकतो, आधी तपासू. असं असतं का?
– एक वाचक, मडगाव

उत्तर: असतं, ताई, आणि डॉक्टरांनी थांबून तपासायचं ठरवलं ते योग्य केलं. एचएचव्ही-६ रेट्रोव्हायरस नाही, हर्पीसच्या कुळातला आहे, १९८६ मध्ये सापडला. लहान बाळांना ताप येऊन मग अंगावर लालसर पुरळ उठतं तो रोझिओला बहुतेक याच्यामुळेच. हा विषाणू जवळपास सगळ्यांना लहानपणी लागून जातो. पण इंग्लंड-अमेरिकेतल्या पाहण्यांत साधारण १ टक्का लोकांत तो क्रोमोझोमच्या अगदी टोकाला, टेलोमिअरमध्ये, जोडलेला आढळतो. टेलोमिअरमध्ये टीटीएजीजीजी ही सहा अक्षरं परत परत येतात, आणि विषाणूच्या टोकालाही तशीच अक्षरं आहेत, त्यामुळे तो तिथे जुळतो. १७ व्या, २२ व्या अशा वेगवेगळ्या क्रोमोझोमवर सापडलाय. आई किंवा वडलांत एकाकडे असेल तर प्रत्येक मुलाला मिळायची शक्यता ५० टक्के.

आता तो लाखोंचा आकडा बघा. एक मिलिलिटर रक्तात ४० लाख ते १ कोटी १० लाख पांढऱ्या पेशी असतात. प्रत्येक पेशीत विषाणूची एक प्रत धरली तर रिपोर्टमध्ये तेवढाच आकडा येणार, विषाणू आत झोपलेला असला तरी. कधी हा आजार समजून विषाणूवरची जड औषधं सुरू होतात आणि आकडा काही उतरत नाही. ट्रान्सप्लांटनंतर रक्ताच्या पेशी दात्याच्या असतात, म्हणून दात्याची तपासणी महत्त्वाची. पुतण्याच्या केसाच्या मुळात किंवा नखात विषाणू मिळाला तर तो त्याचा स्वतःचा, तिथे नाही पण रक्तात भरपूर, तर दात्याकडून आलेला असण्याची शक्यता जास्त. पेशीमागे बरोबर एक प्रत आहे का हे मोजायची टेस्ट असते, आणि फिश करून क्रोमोझोमच्या टोकाला ठिपका दिसतो का तेही बघतात. मात्र असा विषाणू कधीकधी जागा होऊ शकतो, म्हणून औषध द्यायचं का नाही हे पुतण्याची लक्षणं बघून डॉक्टरांनाच ठरवू दे. तुम्ही एवढंच विचारा की दात्याचा ट्रान्सप्लांटच्या आधीचा रक्ताचा नमुना ठेवलेला आहे का, कारण तो असेल तर उत्तर लवकर मिळेल.