डोक्यात कॉइल असताना एमआरआय चालतो का?

प्रश्न : माझ्या आईच्या (वय 58) मेंदूतील रक्तवाहिनीला आलेला फुगा सात महिन्यांपूर्वी फुटला. जांघेतून नळी घालून त्यात प्लॅटिनमच्या कॉइल (बारीक तारेची वेटोळी) भरल्या. आता डॉक्टर पुन्हा अँजिओग्राफी न करता एमआर अँजिओग्राफी (एमआरआय यंत्राने रक्तवाहिन्यांची चित्रे घेणे) करू म्हणतात. मावशीच्या नणंदेची अशाच फुग्यासाठी कवटी उघडून क्लिप लावली होती. त्यांना मात्र सीटी अँजिओग्राफी सांगितली. हा फरक कशामुळे? धातू असताना एमआरआय चालतो का?
— एक वाचक, सातारा

उत्तर : दोन्ही सल्ले बरोबर आहेत, कारण दोघींच्या डोक्यातला धातू वेगळा आहे. प्लॅटिनमच्या कॉइलमुळे सीटीच्या चित्रात प्रखर रेघा उमटतात आणि नेमका फुगाच झाकला जातो. एमआरआयमध्ये मात्र तीच कॉइल फारसा अडथळा आणत नाही. टायटॅनियमच्या क्लिपचे उलट आहे. एमआरआयमध्ये तिच्याभोवती काळा डाग दिसतो, म्हणून तेथे सीटी बरी. सीटीत आयोडीनयुक्त औषध शिरेतून द्यावे लागते, त्यामुळे आधी रक्तातले क्रिएटिनिन (त्यावरून मूत्रपिंडाचे काम कळते) पाहतात. एमआर अँजिओग्राफी बहुधा इंजेक्शनाशिवायही होते.

काही रुग्णांत कॉइल रक्ताच्या दाबाने हळूहळू दबते आणि फुग्याच्या मानेशी, म्हणजे तो रक्तवाहिनीला जोडलेला असतो तेथे, पुन्हा रक्त शिरू लागते. पाहायचे असते ते हेच, आणि ते आईला काहीही त्रास जाणवत नसतानाही घडू शकते. जांघेतून केलेली अँजिओग्राफी आजही सर्वांत अचूक आहे, परंतु तिच्यात पक्षाघाताचा धोका, थोडा का होईना, असतोच. त्यामुळे एमआरमध्ये शंका आली किंवा पुन्हा उपचार करायचे ठरले, तरच तिच्याकडे वळावे, हे मला योग्य वाटते. (कॉइलसोबत स्टेंटही, म्हणजे रक्तवाहिनीत ठेवायची जाळीदार नळी, बसवला असेल, तर एमआरमध्ये रक्तवाहिनी आहे त्याहून अरुंद भासते, तसे असल्यास आधीच सांगावे.)

प्लॅटिनम आणि टायटॅनियम यांना चुंबक ओढत नाही. धोका होता तो चुंबकाला ओढल्या जाणाऱ्या जुन्या पोलादी क्लिपांचा. तशी क्लिप जागेवरून सरकून रुग्ण दगावल्याची नोंद आहे. म्हणून एमआरआयच्या खोलीबाहेर "काय बसवले आहे?" असे विचारतात, तेव्हा "कॉइल असावी" हे उत्तर पुरेसे नसते. शस्त्रक्रियेच्या कागदपत्रांत उपकरणाच्या खोक्यावरचे लहानसे स्टिकर चिकटवलेले असते. त्यावर मॉडेल आणि लॉट क्रमांक असतो. त्या पानाचा फोटो मोबाइलमध्ये ठेवावा आणि आधीच्या तपासण्यांची सीडीही सोबत न्यावी, कारण फुग्याच्या मानेशी झालेला एखाद्या मिलिमीटरचा बदल रिपोर्टच्या कागदावरून नव्हे, जुनी आणि नवी चित्रे शेजारी ठेवूनच कळतो.